लाभातला भ

"गिलॅन-बारे सिंड्रोम," मोठे डॉक्टर म्हणाले. "छोटे में जीबीएस."

खोलीत आम्ही तिघं होतो. मी चाकाच्या खुर्चीत, मागे माझी बायको निर्मला आणि दाराशी तिचा धाकटा भाऊ टेकचंद. टेकचंदनं विचारलं, "साहेब, हे कोनत्या धानाचं बियानं हाये जी?"

डॉक्टर हसले नाहीत. निर्मलानं भावाकडं डोळे वटारून पाहिलं. मला तर त्याच खुर्चीवरून उठून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण उठणं हेच तर बंद झालं होतं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. आपल्या अंगात रोगाशी लढणारी जी शक्ती असते, ती या आजारात चुकून आपल्याच नसांवर उलटते. कुंपणच शेत खातं, तसं. "पैरों से शुरू होता है और ऊपर चढ़ता है," ते म्हणाले. "कहाँ रुकेगा, आज नहीं बता सकते. साँस तक गया तो मशीन लगेगी. ज़्यादातर लोग ठीक होते हैं, लेकिन टाइम लगता है."

पुढं त्यांनी आणखी बरंच सांगितलं. माझ्या डोक्यात 'मशीन' हा एकच शब्द राहिला.

हे लिहायचं कारण एवढंच, की हा आजार फारसा कोणाला माहीत नाही आणि तो अंगावर आला की माणूस भांबावतो. माझं बावन्न वर्षांचं आयुष्य बोदलकसा तलावाजवळच्या आमच्या गावात पाच एकर धानात गेलं. हे नाव मी कधी ऐकलंही नव्हतं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मला तीन दिवस जुलाब झाले आणि बरेही झाले. आठवड्यानं तळपायांना मुंग्या आल्या. चिखलात उभं राहून झालं असेल, असं मी धरून चाललो. मग पायातली चप्पल आपोआप निसटून मागं राहायला लागली. दोनदा मी स्वतःवरच चिडून ती उचलली. तिसऱ्या दिवशी उकिडवा बसलो तो उठताच येईना. बांधावरच्या झाडाला धरून कसाबसा उभा राहिलो आणि कोणी पाहिलं तर नाही ना, हे आधी पाहिलं.

कोणी पाहिलं नव्हतं म्हणून मी आणखी दोन दिवस घरात सांगितलं नाही. तुमची चप्पल अशी निसटायला लागली, दोन्ही पाय एकाच वेळी बसल्यागत वाटले, तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. सरळ मोठं इस्पितळ गाठा.

गोंदियाला दोन तपासण्या झाल्या. एनसीव्ही म्हणजे नसांना बारीक बारीक झटके देऊन त्यांच्यातून निरोप किती वेगानं जातो ते बघणं. लंबर पंक्चर म्हणजे पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढणं. दुसरीची भीती जास्त वाटते, पण खरा कंटाळा पहिलीचा. पाऊण तास झटके खात पडून राहायचं आणि प्रत्येक झटक्याला आपला पाय आपला नसल्यासारखा उडताना पाहायचा.

आता टेकचंदबद्दल सांगायला हवं. मी मुळात हसरा माणूस नाही. आमचे वडील बाजारात मापारी होते, धान मोजायचे, आणि मापात गंमत चालत नाही, हे त्यांनी आम्हाला लहानपणीच शिकवलं. टेकचंद याच्या नेमका उलट. कोहमाऱ्याच्या चौकात त्याचा धाबा आहे. दिवसभर ट्रकवाल्यांची नक्कल करून तो त्यांनाच हसवतो.

आमच्या लग्नात कानपिळीच्या वेळी, म्हणजे नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा असतो तेव्हा, हा दहा वर्षांचा होता. मुंडावळ्यांच्या गर्दीत त्याला माझा कान सापडेना. सगळे ओरडायला लागले, "पिळ ना, पिळ!" पोरगं घाबरलं, खाली वाकलं आणि त्यानं माझ्या पायाचा अंगठा पिळला. सारा मांडव हसला, एक मी सोडून. तेव्हापासून सव्वीस वर्षं, भेटला की वाकून पाया पडतो आणि पडता पडता अंगठ्याला चिमटा काढतो. आमच्याकडं साळ्यानं भाटव्याची, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याची, थट्टा करायचीच असते. त्यावर रागावायचं नसतं. मी सव्वीस वर्षं रागावत आलो.

त्यानं धाबा माणसांवर सोडला आणि इस्पितळात माझ्याजवळ मुक्काम ठोकला. मी निर्मलाला म्हटलं होतं, "दुसऱ्या कोनाले बोलाव." तिनं ऐकलं नाही.

या आजारात रोज एक साधी परीक्षा घेतात. खोल श्वास घ्यायचा आणि त्या एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजायचे. छाती उचलणारे स्नायू थकायला लागले की आकडा घसरतो. फार घसरला तर मशीन, म्हणजे व्हेंटिलेटर. घशात नळी घालून श्वास बाहेरून द्यायचा. वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, मुंबईकडच्या. त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, मोठा श्वास घ्या आणि मोजा."

मी मोजायला लागलो. "लाभ, दोन, तीन, चार..."

"एकपासून मोजा, काका."

मी पुन्हा श्वास घेतला. "लाभ, दोन, तीन..."

त्यांनी पेन थांबवलं. चेहरा बदलला. "काका, आज वार कोणता? आपण आत्ता कुठे आहोत? या तुमच्या कोण?" शेवटचा प्रश्न निर्मलाकडं बोट दाखवून होता. मी तिन्ही उत्तरं बरोबर दिली, जरा तिरसटपणेच दिली. तेव्हा टेकचंद पोट धरून हसायला लागला. हसण्यातून वाट काढत त्यानं बाईंना सांगितलं, की धान मोजणारा माणूस पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. "यायच्या घरात एक हा आकडाच नाई जी. पोरगी झाली तं हे म्हनले, लाभ झाली."

बाई हसल्या. वॉर्डातले बाजूचे दोघं हसले. मी भिंतीकडं तोंड केलं. मी काही मुद्दाम करत नव्हतो. मोठा श्वास घेऊन मोजायचं म्हटलं की वडिलांची सवय तोंडात येई. पायली भरली, हात फिरवून सपाट केली, लाभ. वडील सांगत, पहिलं माप आपलं नसतं. ते देवानं दिलेलं. ते मोजायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं. पहिल्या दिवशी मी चोवीसपर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी एकोणीस. हात जड झाले, पेला धरवेना. टेकचंद दिवसभर माझ्या मोजण्याची नक्कल करत फिरत होता. कपाळाला आठ्या, गाल आत, आणि 'लाभ' असं म्हणे की वॉर्डाला वाटावं, बाजार भरला. मी त्याला म्हटलं, "मी मरून राहिलो अना तुले गंमत सुचून राहिली." तो म्हणाला, "मरत असान तं आधी एक म्हनाले शिका. वरती लाभ चालत नाई."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात धरून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकडा पंधरावर आला. बाईंनी लिहून घेतलं आणि शेजारच्या खाटेकडं वळल्या. निर्मला कपात चहा ओतत होती. टेकचंद पायाशी उभा राहून आपली रोजची नक्कल करायला लागला. "लाह... दोन... तीन..."

मी चिडलो. "लाह काऊन करतेस? लाह हाये ते," असं मी बोललो. मला म्हणायचं होतं, की ते लाभ आहे.

टेकचंदला आणखीच चेव आला. "अवो डॉक्टरीनबाई, आमच्या भाऊजीचा भ चोरीले गेला जी! काल संध्याकारी होता, आज नाई."

बाई तिकडचं काम टाकून परत आल्या. हसत नव्हत्या. "काय म्हणालात? काल होता?"

"होता ना जी. मी दोन दिवसांपासून तेच तं म्हनून राहिलो. मले पाठ हाये."

त्यांनी मला गाल फुगवायला सांगितलं. हवा ओठांतून निसटली. ओठ मिटायला सांगितले, ते नीट मिटले नाहीत. डोळे घट्ट मिटायला सांगितले आणि बोटानं पापण्या सहज उघडल्या. मग चमचाभर पाणी दिलं. मला ठसका लागला आणि बराच वेळ थांबेना. बाईंनी निर्मलाच्या हातातला कप काढून घेतला. "आता तोंडानं काहीही द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. तासाभरात मी आयसीयूत होतो.

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. आजार चेहऱ्याच्या आणि घशाच्या नसांपर्यंत चढला होता. भ, प, म म्हणायला ओठ मिटावे लागतात, ते मिटत नव्हते म्हणून अक्षर गळलं. गिळण्याची ताकदही तशीच गळत होती. तो चहा पोटाऐवजी फुप्फुसात गेला असता, आणि या आजारात आधीच दमलेल्या फुप्फुसाला न्यूमोनिया झाला तर निभावणं कठीण. "दुपारच्या राउंडला आमच्या लक्षात आलंच असतं," बाई म्हणाल्या. "पण चहा सकाळचा होता."

तसा पाचातही प आहे. पण पाच घाईत निघून जातो, आणि तो रोज कान देऊन ऐकणारं तिथं कोणी नव्हतं.

आयसीयूबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. दिवस आणि रात्र सारखेच पांढरे. नाकातून पोटात नळी, तिच्यातून जेवण. आयव्हीआयजी नावाचं औषध पाच दिवस बाटल्यांतून चढत होतं. ते कित्येक अनोळखी लोकांच्या रक्तातून काढलेलं असतं, हे कळल्यावर मी थेंब पडताना बघत राहायचो. हा कोणाचा, तो कोणाचा. कुशीवर वळायचं तरी दुसऱ्यानं वळवायचं. डोळे पूर्ण मिटत नव्हते म्हणून झोपताना त्यांवर पट्टी. थकवा असा की वाईट वाटायचीसुद्धा ताकद उरली नव्हती.

सगळ्यात वाईट म्हणजे चेहरा गेला होता. दोन्ही बाजू एकदम गेल्यामुळे तो वाकडा झाला नाही, नुसता कोरा झाला. निर्मला आत यायची, माझ्याकडं पाहायची आणि तिला काही कळायचं नाही. मी तिच्यासाठी हसायचा प्रयत्न करत होतो. सव्वीस वर्षांत आपणहून केलेला पहिलाच असेल. तिला वाटलं, मी रागावलोय.

टेकचंदही रोज दहा मिनिटं यायचा. पहिल्या दिवशी तो आला, वाकला आणि दोन्ही हातांनी माझे पाय धरून त्यानं डोकं टेकलं. अंगठ्याला हात लावला नाही. "बरं वाटते ना जी?" एवढंच बोलला. हात जोडून उभा राहिला, देवळात उभं राहतात तसा.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डॉक्टर धीर देतात, बायको लपवते, यंत्रांची टीकटीक आपल्याला कळत नाही. पण टेकचंद थट्टा करत नाही म्हणजे मी गेलो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नंतर निर्मलानं सांगितलं, बाहेर बाकावर बसून तो रडायचा. त्याच्या मनानं घेतलं होतं, की आपण 'मरत असान तं' असं अभद्र बोललो, भाऊजींच्या जिवावर हसलो, म्हणून हे झालं. आणि इकडं आत मी त्याला कसं सांगणार, की बाबा, तू हसलास म्हणून मी आहे?

आकडा दहावर आला. मशीन माझ्या खाटेशेजारी आणून ठेवलं. मोठे डॉक्टर बराच वेळ माझी छाती बघत उभे राहिले. "आज नहीं लगाते," ते म्हणाले. "शाम तक देखते हैं." संध्याकाळी दहा. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. दुपारी अकरा.

त्या दुपारी टेकचंद आला आणि पुन्हा तसाच वाकला. तो उठायच्या आत मी सगळा श्वास गोळा केला आणि म्हटलं, "लाह."

निर्मला म्हणाली, "पानी मांगून राहिले का?"

मी पुन्हा म्हटलं, "लाह." डोळे टेकचंदवर रोखले. डोळा मारता येत नव्हता, भुवई हलत नव्हती. "लाह."

त्यानं बहिणीकडं पाहिलं, नर्सकडं पाहिलं, दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्याचा आवाज फाटलेला होता, पण बोलला. "शोधून राहिलो जी. सारा धाबा उलथा केला. फ्रीजात पाह्यलं. मंग एका ट्रकवाल्यानं सांगतलं, तुमच्या भाऊजीचा भ काल रायपूरच्या गाडीत बसून जाताना दिसला." आणि वाकून त्यानं माझा अंगठा करकचून पिळला.

मला तो चिमटा कळला. तेव्हा पाय बधिर होते, तरी कळला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही, पण पोट हलायला लागलं, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि डोक्यामागचं यंत्र कोकलायला लागलं. नर्स धावत आली. "क्या हुआ? क्या हुआ इनको?"

"हसून राहिले जी," टेकचंद म्हणाला.

"ऐसे हँसते हैं?"

"आमाले का मालूम? पहिलीच खेप हाये."

तुमच्यापैकी कोणी हसण्यानं रोग बरे होतात असं ऐकून हे वाचत असाल, तर मी तसं म्हणणार नाही. मला औषधानं आणि दिवसांनी बरं केलं. मोठ्या डॉक्टरांना मी पुढं विचारलंही. ते म्हणाले, "दवा से हुआ. मगर जो हँसता है, वो खाँसता भी है. जो खाँसता है, उसका सीना साफ़ रहता है." एवढंच खरं मानावं. मात्र एक गोष्ट मी पाहिली. मला सगळे जपत होते, पण थट्टा फक्त जित्या माणसाची करतात. त्या चिमट्यानं मला पुन्हा माणसांत धरलं. आमच्या वडिलांनी देव म्हणून जे सांगितलं होतं, त्याच्या सगळ्यात जवळ मी त्या वेळी गेलो असेन. देवळात मला तसं कधी वाटलेलं नाही.

मग रोज बातमी यायला लागली. भ रायपूरला उतरला. तिथं त्याला काम लागलं, येत नाही म्हणतो. समजूत काढली. वाटेवरच्या देवरीपर्यंत आला, पण पाय दुखतात म्हणून बसला. बारा, चौदा, अठरा. मशीन न लावताच परत गेलं. नर्सही विचारायच्या, "आज कहाँ तक पहुँचा?" मी अजून कोराच होतो, पण आता लोक माझ्या पोटाकडं बघायला शिकले होते.

दीड महिन्यानं घरी आलो तो खुर्चीतच. इथून पुढं खरा कंटाळा असतो, हे ध्यानात ठेवा. इस्पितळात सगळे धावत असतात, घरी नुसते दिवस असतात. फिजिओथेरपी, म्हणजे तेच तेच व्यायाम. आज बोट हललं, उद्या तेही नाही. आंघोळ दुसऱ्याच्या हातची. मी निर्मलावर खेकसत होतो, ती ऐकून घेत होती. सांभाळणाऱ्या माणसाला कोणी हसवायला येत नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एकदा मी तिला हाक मारली, "निन्नला." म पण गेलेलाच होता. ती चुलीपासून उठून आली, माझ्याकडं पाहिलं आणि एकदम हसत सुटली. दाराच्या चौकटीला टेकून, पदर तोंडात घालून, कितीतरी वेळ. मग तिथंच बसली आणि रडली. मी पुन्हा म्हटलं, "निन्नला." त्या दिवशी ती दोन घास जास्त जेवली.

दिवाळी होऊन गेली, धान निघालं. मळणी यंत्रानं होते, विकायचं धान काट्यावर जातं. पण घरी खायचं आणि बियाण्याचं आम्ही अजून पायलीनं मोजतो. वडिलांची पायली आहे. मी वॉकर धरून चार पावलं टाकत होतो. टेकचंदनं मला खळ्यावर खुर्चीत बसवलं आणि स्वतः पायली भरायला बसला. मोजणं माझं काम.

त्यानं पायली भरली, हात फिरवून सपाट केली आणि उचलून धरली. मी श्वास घेतला. ओठ डावीकडून अजून पुरते मिटत नव्हते. उजवीकडून मिटले.

"लाभ."

भ आला. वाकडा आला, जरा हवा गळत आला, पण आला.

सुपानं धान सारखं करणारी निर्मला थांबली. टेकचंद पायली तशीच धरून बसला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. पायली कलली आणि धान कडेनं सांडायला लागलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला काही सुचलं नाही.

मग मीच म्हटलं, "देवरीवरून पायी आला वाटते."

टेकचंद हसला की रडला, मला सांगता येणार नाही. त्यानं पायली पोत्यात रिकामी केली, गमछ्यानं तोंड पुसलं, नव्यानं भरली आणि माझ्यासमोर धरली. "एक डाव अजून म्हना जी."

आता दोन म्हणायचं होतं. मापात गंमत चालत नाही. मी निर्मलाकडं पाहिलं. ती म्हणाली, "म्हना ना."

"लाभ," मी म्हटलं.

त्यानं तिसरी भरली. तिलाही मी लाभच म्हटलं. त्या दिवशी आमच्या खळ्यावर दोन म्हणायची कोणालाच घाई नव्हती.